उन्हाळा आला की फ्रिजला, नळाला करंट येतो? मिठाचं पाणी ओतायच्या आधी हे तपासा

फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, वॉशिंग मशीनला ओला हात लागला की चटका बसतो, सकाळी बाथरूमच्या नळाला करंट येतो. मग वायरमनला बोलावतात, तो अर्थिंगच्या खड्ड्यात (जिथे अर्थची वायर जमिनीत गाडलेल्या पाइपला जोडलेली असते) दोन बादल्या मिठाचं पाणी ओततो, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू. आपल्या नाशिकला हे होळी झाली की चालू होतं आणि जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की गायब होतं, त्यामुळे लोकांना वाटतं की गेलं बाबा एकदाचं. गेलेलं नसतं, जमीन ओली झाली म्हणून दबलेलं असतं. मी इथे वायरिंगची कामं करतो आणि सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, पंचवटी सगळीकडून दर उन्हाळ्यात हीच तक्रार येते, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. करंट येतो म्हणजे खड्डाच खराब असं नसतं. घरातली अर्थची वायर मध्येच तुटलेली असू शकते, खड्डा मेलेला असू शकतो, एखाद्या उपकरणात लिकेज, म्हणजे आतून बॉडीवर करंट झिरपणं, असू शकतं (आणि ते उपकरण तुमच्याच घरातलं असेल असंही नाही), किंवा पोलवरून येणारा न्यूट्रल (करंट परत जायची वायर) नाहीतर अर्थ ढिला झालेला असू शकतो. हात लावणाऱ्याला सगळं सारखंच जाणवतं पण उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि मिठाचं पाणी यातल्या एकावरच चालतं, तेही थोडे दिवस.

झिणझिण्यांच्या पुढे जाऊन जोरात झटका बसत असेल तर काही तपासत बसू नका, मेन बंद करा आणि माणूस बोलवा. आणि खाली जे मीटर लावून बघायचं लिहिलंय ते ज्याला मल्टीमीटर धरायची सवय आहे त्यानेच करावं, बाकीच्यांनी वायरमनला समोर उभं राहून करायला लावा आणि आकडे लिहून घ्या. आकडे लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे कारण पुढच्या उन्हाळ्यात दुसराच वायरमन येणार असतो.

टेस्टरने काही कळत नाही. बॉडीला टेस्टर लावला, दिवा मिणमिणला, एवढ्यावरून खड्डा खोदायला काढलेले लोक मी पाहिलेत. मल्टीमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवा आणि थ्री पिन सॉकेटवर तीन रीडिंग घ्या, फेज (करंट घेऊन येणारी वायर) ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिलं २३० च्या आसपास येईल. दुसरंही साधारण तेवढंच यायला पाहिजे आणि तिसरं दोन-चार व्होल्टच्या आत. आता समजा फेज ते अर्थ ११०-१२० दाखवतंय आणि न्यूट्रल ते अर्थ पण तेवढंच, म्हणजे त्या सॉकेटची अर्थ कुठेच जोडलेली नाही, नुसती लोंबकळतीय. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर फ्रिज, नवीन वॉशिंग मशीन यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ तुटली की बॉडी बरोबर अधेमधे निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसते. करंट अगदी थोडा असतो, एक मिलीॲम्पिअरच्या आतबाहेर, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. उपकरण चांगलं असतं, अर्थ नसते. अशा वेळी लोक कंपनीच्या माणसाला बोलावतात, तो फ्रिजची पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला सांगतो आणि पैसे वाया जातात.

अशी अर्थ एकाच सॉकेटला गायब आहे का सगळीकडे ते बघा. एकाच खोलीत असेल तर बोर्डच्या मागे स्क्रू ढिला असतो. आपल्याकडे अर्थची वायर एका बोर्डवरून दुसऱ्या बोर्डवर लूप करत नेतात, त्यामुळे एक स्क्रू सुटला की पुढचे सगळे बोर्ड गेले. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये बॅटन पट्टीच्या वायरिंगसोबत उघडी तांब्याची तार अर्थ म्हणून फिरवलेली असते, तिचे सांधे पिळे मारून केलेले असतात आणि ते काळे पडून कधीच सुटलेले असतात, वरून बघून कळत नाही. मेन बंद करून सॉकेटच्या अर्थच्या पिनपासून मीटरजवळच्या अर्थपर्यंत लांब वायर लावून ओहम मोजा, एक ओहमच्या आत यायला पाहिजे. आणि सॉकेट बघायच्या आधी प्लग पण बघा, तिसरी पिन कापलेली किंवा टू पिनचा ॲडॅप्टर लावलेला खूप घरात सापडतो. ती पिन लांब आणि जाड असते ती उगाच नाही, आत जाताना आधी अर्थ जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून.

आता उलटी गोष्ट. न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य येतंय, आणि गिझर, इस्त्री लावून लोड वाढवला तरी शून्यच. बऱ्याच जणांना हे बघून बरं वाटतं. मला हे रीडिंग दिसलं की मी पहिलं सॉकेट उघडतो. आत न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर इंचभर वायरचा तुकडा मारलेला असतो. अर्थ मिळाली नाही म्हणून कुणीतरी न्यूट्रललाच अर्थ करून टाकलेलं असतं, टेस्टरवर सगळं छान दिसतं, झिणझिण्या पण बंद होतात. पण ज्या दिवशी घरात येणारा न्यूट्रल तुटेल त्या दिवशी चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून फेज येऊन थेट त्या तुकड्यावरून फ्रिजच्या बॉडीवर जाईल, पूर्ण २३० व्होल्ट. घरात लाइट नाही म्हणून माणूस बिनधास्त हात लावतो आणि जीव जातो. हा तुकडा दिसला तर तो काढायचाच, यात दुसरं मत नाही. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र होतात ते डीपीवर (रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर असतो तिथे), ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटला, म्हणजे जिथून न्यूट्रल निघतो तिथे, किंवा मोठ्या सोसायटीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तिथल्या पॅनेलला. घरातल्या सॉकेटमध्ये कधीच नाही.

आणि बल्बची टेस्ट. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब लावायचा, फुल पेटला की अर्थिंग झकास, हे आपल्याकडे सर्रास चालतं. हिशोब करून बघा. शंभरचा बल्ब पेटल्यावर साधारण ५३० ओहमचा असतो. खड्डा ५० ओहमचा असेल (करंटला जमिनीत जायला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात, कमी तितका चांगला), म्हणजे एकदम वाईट, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना काही फरक दिसत नाही. सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर मिळतो त्याचंही तेच, अर्थ जोडलेली आहे एवढं सांगतो, किती चांगली आहे ते नाही. बल्ब अजिबात पेटला नाही तर अर्थ नाही हे नक्की, पण पेटला म्हणून खड्डा चांगला हे धरू नका. खड्डा मोजायला अर्थ टेस्टर लागतो, दोन खिळे लांब ठोकून मोजतात तो, किंवा लूप टेस्टर. एखाद्या परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडे असतो, सोसायटीने एकदा पैसे देऊन मोजून घ्यावं.

५० ओहमने काय बिघडतं ते इंदिरानगरच्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये मला नीट बघायला मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार, सकाळी सहा ते आठ मशीनला आणि नळाला करंट, नंतर दिवसभर काही नाही. दोन वायरमन येऊन गेलेले, दोघंही दुपारी आलेले त्यामुळे दोघांनाही काही सापडलं नाही. मी सकाळी गेलो आणि काकूंना म्हटलं, तुमचा मेनच बंद करा. मेन बंद केला, घरात अंधार, तरी मशीनच्या बॉडीला मीटरवर ६० व्होल्ट. काकू म्हणाल्या, "अहो पण आता तर लाइटच नाही ना घरात!" इथेच सगळं कळतं. स्वतःचा मेन बंद करून पण बॉडीला व्होल्टेज राहत असेल तर ते अर्थच्या वायरवरून दुसरीकडून येतंय.

खाली मीटर रूममध्ये प्रत्येक फ्लॅटची हिरवी वायर एका पट्टीवर बोल्ट केलेली होती. एकेका हिरव्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावत गेलो, सगळीकडे जवळपास शून्य आणि पहिल्या मजल्यावरच्या एका वायरमध्ये १.२ ॲम्पिअर. अर्थच्या वायरमधून करंट वाहायलाच नको आणि इथे १.२. त्या घरी जाऊन गिझरचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडला, खाली क्लॅम्पवर शून्य आणि वर काकूंच्या मशीनवर पण शून्य. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या एलिमेंटवर क्षाराचा थर जमून ते फुटलेलं होतं. त्या घरात गिझर वरती माळ्याला लावलेला, सगळे पाइप प्लास्टिकचे, कुणाचा हात लागत नव्हता म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्या एलिमेंटचा करंट हिरव्या वायरने खाली आला, खड्ड्याने तो जमिनीत घेतला नाही, आणि मग तीच अर्थची पट्टी सगळ्या बिल्डिंगच्या फ्रिज-मशीनवर ६० व्होल्ट वाटत बसली. ६० भागिले १.२ म्हणजे खड्डा ५० ओहमचा. एमसीबी का नाही पडला असं सगळे विचारतात, तर १.२ ॲम्पिअरने सोळा ॲम्पिअरचा एमसीबी कशाला पडेल? पूर्ण फेज बॉडीला चिकटला असता तरी २३० भागिले ५० म्हणजे ४.६ ॲम्पिअर, तेव्हाही तो पडला नसता आणि सगळ्या बिल्डिंगच्या बॉड्यांवर दोनशेच्या वर व्होल्टेज गेलं असतं. सी टाइपचा सोळाचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० ॲम्पिअर लागतात.

गिझरचं एलिमेंट बदलल्यावर सोसायटीचं म्हणणं, झालं ना काम. काम अर्धं झालं होतं. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक टाकताना खड्ड्याचं झाकणच बुजवलेलं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब नाही. उकरून बघितलं तर जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी वरती भिंतीवर चकचकीत, पण जिथे जमिनीत शिरते त्या वीतभर भागात पापडासारखी झालेली, हाताने वाकवली तर तुटली. जमीन आणि हवा जिथे भेटते तिथेच गंज जास्त लागतो, त्यामुळे वरून बघून पट्टी चांगली आहे असं कधीच म्हणू नका. पाइपवरचा क्लॅम्प गंजून फुगलेला, आणि त्यावर कुणीतरी तांब्याची वायर बांधलेली. जीआयवर थेट तांबं आणि त्यात मीठ-पाणी हे मिश्रण लोखंडाला झपाट्याने खातं. जे मीठ आपण चांगल्यासाठी टाकतो तेच पाइप खाऊन टाकतं, ओलावा टिकवायला मीठ-कोळसा जुनी रीत आहे आणि ती चालते, पण दर उन्हाळ्यात वरून मीठ ओतत राहणं म्हणजे पाइपचं आयुष्य कमी करणं.

आपल्या इथल्या जमिनीचं पण समजून घ्या. सगळा काळा बेसाल्ट खडक, त्यावर कुठे काळी माती तर कुठे दोन फुटांवर मुरूम. काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, ती पाइपपासून सुटते आणि पाइप हवेत उभा असल्यासारखा होतो. मुरुमात तर पाणी थांबतच नाही. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक आहे, त्यातल्या सूत्राने हिशोब केला तर अडीच मीटर लांब, ४० मिमीचा एक पाइप १०० ओहम-मीटरच्या (हे जमीन करंटला किती अडवते त्याचं माप) जमिनीत नुसताच गाडला तर ३५ ओहमच्या आसपास येतो. म्हणजे मुरुमात एक पाइप ठोकून कुणी एक ओहमची गॅरंटी देत असेल तर मीटर लावून दाखव म्हणावं. केमिकल अर्थिंगच्या नावाखाली महागडा पाइप घेतला तरी जमीन तीच राहते. त्यापेक्षा बोअर मारून खोल जा, पाइपभोवती बेंटोनाइट भरा, ती माती पाणी धरून ठेवते आणि पाइप खात नाही. एक पाइप पुरत नसेल तर दुसरा टाका, पण शेजारी शेजारी नाही, दोघांत निदान पाइपच्या लांबीएवढं अंतर, जमलं तर दुप्पट, नाहीतर दोन्ही एकाच मातीत भांडतात आणि फायदा होत नाही. त्या बिल्डिंगला दोन बोअर मारले, नवीन पट्टी, सांध्यावर डांबराचा लेप, आणि ऐन मे महिन्यात मोजून १० ओहमच्या आत आलं. मोजायचं ते मेमध्येच, पावसाळ्यात कुठलाही खड्डा पास होतो. आणि झाकण उघडता येईल असं ठेवा, त्यावर पेव्हर ब्लॉक नको, आणि एसीच्या पाण्याची नळी तिकडे वळवली तर फारच छान.

आता बाहेरून येणारा बिघाड. न्यूट्रल ते अर्थ २०-३० व्होल्ट दाखवतंय, लोड वाढला की वाढतंय, संध्याकाळी जास्त, तर घराचा खड्डा बाजूला ठेवा आणि न्यूट्रल बघा. आधी शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही लाइट मध्येच भक्क होतात, मध्येच मंद होतात, एकाकडे १७० आणि दुसऱ्याकडे २८० असं काही दिसत असेल तर पोलवर नाहीतर डीपीवर न्यूट्रल सुटलाय. मेन लगेच बंद करायचा, टीव्ही-फ्रिज वाचवायचे आणि १९१२ ला तक्रार करायची, तक्रारीत "लाइट नाही" असं सांगू नका, "न्यूट्रल तुटलाय, व्होल्टेज वाढलंय" असंच सांगा म्हणजे लाइनमन त्या तयारीने येतो. पोलवर स्वतः किंवा खाजगी वायरमनने हात घालायचा नाही. फक्त तुमच्याच घरी होत असेल तर सर्व्हिस वायरचा सांधा, मीटरचं टर्मिनल, मेन स्विचचा न्यूट्रल या तीन जागा, जळलेला काळा सांधा बहुतेक वेळा इथेच मिळतो. सील केलेल्या मीटरला मात्र वीज कंपनीच्या माणसानेच हात लावायचा.

आणि हे फार जणांना माहीत नसतं, ग्राहकाच्या जागेत वीज जिथे येते तिथे वापरता येईल असं अर्थ टर्मिनल देणं आणि ते सांभाळणं हे वीज पुरवणाऱ्याचं काम आहे, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून हे चालत आलंय. सिडकोच्या जुन्या रो हाऊसमध्ये काही ठिकाणी सर्व्हिस वायरला आधार देणारी जीआयची तार हीच अर्थ म्हणून मीटरपर्यंत आलेली दिसते. नंतर घरावर मजले चढले, सर्व्हिस वायर बदलली, ती तार कापली गेली, आणि घरातल्या हिरव्या वायरी कुठेच जात नाहीत. तुमच्या मीटरजवळ अर्थ कुठून येते हे एकदा डोळ्यांनी बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तो निकाल लागेपर्यंत स्वतःचा खड्डा करून घ्या, थांबू नका. तीन फेज कनेक्शन असेल तर स्वतःचा खड्डा लागतोच.

खड्डा कितीही चांगला केला तरी आरसीसीबी (थोडा जरी करंट बाहेर गळाला तरी लाइन तोडणारा स्विच) हवाच, हे मी प्रत्येक घरी हात जोडून सांगतो. १० ओहमच्या चांगल्या खड्ड्यातून पण फॉल्टला २३ ॲम्पिअरच जातात, त्याने सोळाचा एमसीबी झटक्यात पडत नाही. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी मात्र त्या १.२ ॲम्पिअरच्या गिझरला पहिल्याच सकाळी पाडून मोकळा झाला असता. लेबल वाचा, १०० किंवा ३०० मिलीॲम्पिअरचा बसवलेला असेल तर तो आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण बटणाने पडला म्हणजे अर्थिंग चांगलं असा निष्कर्ष काढू नका, ते बटण अर्थ नसली तरी चालतं. बसवल्या बसवल्या तो सारखा पडायला लागला तर "खराब निघाला" म्हणून काढून टाकतात, तसं करू नका. घरात कुठेतरी तो न्यूट्रल-अर्थचा तुकडा आहे, किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत, किंवा गच्चीवरच्या मोटरला, बाहेरच्या दिव्याला ओल लागलीय. सगळे एमसीबी पाडा, एकेक चालू करत जा, ज्याने पडतो तिथे शोधा. एमसीबीने फक्त फेज तुटतो, न्यूट्रल तसाच राहतो, त्यामुळे सगळे पाडूनही आरसीसीबी पडत असेल तर न्यूट्रलच्या वायरी एकेक करून सोडवून बघाव्या लागतात. इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉइंटना मेनचा आरसीसीबी वाचवत नाही, त्यासाठी इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा लावावा लागतो.

भाड्याने राहणाऱ्यांना खड्डा खोदता येत नाही, घरमालक ऐकत नाही, अशा वेळी निदान डीबीमध्ये (एमसीबी असतात त्या पेटीत) आरसीसीबी बसवून घ्या, जाताना काढून नेता येतो, तासाभराचं काम आहे. तो अर्थ नसली तरी माणसातून करंट गेला की पडतो, फक्त तेव्हा आधी झटका बसतो आणि मग तो पडतो, अर्थ असेल तर कुणाचा हात लागायच्या आधीच पडतो, एवढा फरक. आणि तोपर्यंत गिझरमध्ये पाणी तापलं की स्विच बंद करूनच आंघोळीला जा, लहान मुलांना तर चालू गिझरखाली अजिबात पाठवू नका.